सव्वीसपर्यंत चालतं, पण टेक्ससमध्ये चालतं का?

मे महिना उलटला की आमच्या इकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. मुलीचं ग्रॅज्युएशन झालं, सिअ‍ॅटलला किंवा डॅलसला किंवा शिकागोला नोकरी लागली, ऑगस्टमध्ये जाणार, तर हेल्थ इन्शुरन्स आमच्याच प्लॅनवर ठेवता येईल ना? आणि दोन मिनिटांत कोणीतरी उत्तर टाकतं, हो हो, वयाच्या २६ पर्यंत चालतं, नो वरीज. चार अंगठे येतात, विषय संपतो, मग पुन्हा कुणाच्यातरी डोहाळजेवणाचे फोटो सुरू. उत्तर चूक नाहीये. पण ते अर्धंच आहे, आणि जे अर्धं राहतं ना त्याचंच बिल येतं.

गेल्या उन्हाळ्यात आमची लेक न्यू जर्सीतून ऑस्टिनला गेली, तेव्हा ह्या सगळ्यात मी नाकापर्यंत बुडाले होते, तेव्हापासून ग्रुपवर कुणी विचारलं की लोक मलाच टॅग करतात. म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू, पुढच्या वेळी लिंक टाकली की झालं.

कायद्याचं आधी सांगून टाकते. २०१० साली अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट आला, ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात, त्यात असं ठरलं की जो प्लॅन मुलांना कव्हर करतो त्याने ती २६ वर्षांची होईपर्यंत करायलाच पाहिजे. मग मूल शिकत असो नसो, तुमच्या घरी राहो न राहो, टॅक्समध्ये तुम्ही त्याला डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून, दाखवा की नका दाखवू, त्याला स्वतःची नोकरी असो आणि त्या नोकरीत इन्शुरन्स मिळत असो, काही फरक पडत नाही. लग्न झालेलं असलं तरी चालतं. मुलगी चालते, जावई नाही. जावयाला कव्हर करायचं कुठलंही बंधन प्लॅनवर नाही, इथे जावयाचा मानपान वगैरे काही नाही. आणि मूल कुठल्या राज्यात राहतं हाही प्रश्न नाही, त्यामुळे मुलगी टेक्ससला गेली ह्या कारणासाठी कंपनी तिचं नाव काढू शकत नाही.

पण प्लॅनवर नाव असणं आणि तिकडे डॉक्टर मिळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा नावाची गॅरंटी देतो, नेटवर्कची देत नाही.

माझ्या पुण्यातल्या मावसभावाला हे काही केल्या पटेना. तो म्हणे, ताई, देश एक, कंपनी एक, कार्ड एक, मग राज्य बदललं तर अडतं कुठे? त्याचा मुलगा बेंगळुरूला असतो, पॉलिसी पुण्यात काढलेली फॅमिली फ्लोटर, आणि मध्ये डेंग्यू झाला तेव्हा तिकडच्याच हॉस्पिटलात कॅशलेस झालं सगळं. आता त्याला काय सांगणार. भारतात इन्शुरन्सवर देखरेख करणारी आयआरडीएआय ही एकच संस्था सगळ्या देशासाठी आहे. अमेरिकेत हे काम मुख्यतः राज्यांचं, १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने ते राज्यांकडेच ठेवलं, म्हणजे पन्नास राज्यं आणि पन्नास इन्शुरन्स खाती. आणि दुसरं म्हणजे आपल्याकडची पॉलिसी मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावर लागते, साध्या सर्दीतापाला आपण कोपऱ्यावरच्या डॉक्टरला खिशातून पैसे देतो आणि सुटतो. इकडे साध्या घसादुखीपासून रक्ताच्या तपासणीपर्यंत सगळं इन्शुरन्समधून, कारण खिशातून द्यायला गेलं तर खिसाच राहणार नाही. इन्शुरन्स कंपनी एकेका डॉक्टरशी, हॉस्पिटलशी, लॅबशी दर ठरवून करार करते, त्या करारांच्या यादीला नेटवर्क म्हणायचं, आणि स्वस्तातले प्लॅन ही यादी आपल्या भागापुरतीच करतात. आमच्या भागातला प्लॅन न्यू जर्सी आणि फार तर न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या आजूबाजूचे डॉक्टर धरतो. ऑस्टिनचा डॉक्टर त्यात कशाला असेल?

म्हणून पहिलं बघायचं ते प्लॅनचा प्रकार. एचएमओ असेल तर एक प्रायमरी डॉक्टर निवडावा लागतो, पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जायला त्याचं रेफरल, म्हणजे शिफारस, लागते, आणि भागाबाहेर गेलात की इमर्जन्सी सोडून जवळपास काही नाही. ईपीओमध्ये सहसा रेफरलची कटकट नसते पण नेटवर्कच्या बाहेर तिथेही शून्य, फक्त काही ईपीओंचं नेटवर्क देशभर असतं आणि काहींचं एका राज्यापुरतं, हे नावावरून कळत नाही, विचारावंच लागतं. पीपीओ महाग, पण नेटवर्क सहसा मोठं आणि बाहेरच्या डॉक्टरकडे गेलात तरी काहीतरी देतो. कंपनीच्या प्लॅन माहितीत हे सगळं असतं, सात-आठ पानांचा तो बेनिफिटचा गोषवारा असतो ना जो आपण कधीच उघडत नाही, तोच.

ब्लू क्रॉस ब्लू शील्डचं कार्ड असेल तर त्यावर एक छोटीशी सुटकेस शोधा. ही एक कंपनी नाही, राज्याराज्यांतल्या स्वतंत्र कंपन्यांची संघटना आहे, आणि ब्लूकार्ड म्हणून त्यांची आपसात व्यवस्था आहे. त्या सुटकेसमध्ये पीपीओ असं लिहिलेलं असेल तर टेक्ससच्या ब्लू क्रॉसचे पीपीओवाले डॉक्टर तुमच्या मुलीला नेटवर्कमधलेच. सुटकेस रिकामी असेल तर मात्र फोन करायचा, गृहीत धरायचं नाही. त्यांच्या काही एचएमओंमध्ये गेस्ट मेंबरशिप म्हणून पण एक सोय असते, सलग ९० दिवस किंवा जास्त दुसरीकडे राहणाऱ्यासाठी, पण ती सगळीकडे नाही आणि आपण मागितल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही. कॅलिफोर्नियातल्या मंडळींकडे कायझर असतं, त्यांची गंमत आणखी वेगळी, कारण त्यांची स्वतःचीच हॉस्पिटलं आणि स्वतःचेच डॉक्टर, आणि तेही मोजक्याच राज्यांत. बे एरियातून मूल टेक्ससला गेलं तर तिकडे कायझर नाहीच.

आता लोक म्हणतात, अगं इमर्जन्सी तर सगळीकडे कव्हर असते ना, तरुण मुलगी आहे, तिला काय धाड भरलीय. इमर्जन्सी असते, खरंय. कुठल्याही राज्यातल्या कुठल्याही इमर्जन्सी रूममध्ये गेलं तरी प्लॅनने नेटवर्कमधल्यासारखाच हिशोब लावायचा, आधी परवानगी घ्या असं म्हणायचं नाही, आणि १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्रायझेस अ‍ॅक्ट आल्यावर हॉस्पिटलने वरचा फरक तुमच्याकडे मागायचा नाही. पण ह्यात दोन भोकं आहेत. एक म्हणजे रस्त्यावरची अ‍ॅम्ब्युलन्स त्या कायद्यात नाही. हेलिकॉप्टर आहे, अ‍ॅम्ब्युलन्स नाही, हसावं की रडावं. दुसरं भोक जास्त मोठं. ओळखीतल्या एकांचा मुलगा कोलोरॅडोत स्कीइंग करताना पडला, मनगट मोडलं. इमर्जन्सी रूमचं सगळं नीट झालं, तक्रार नाही. पण प्लास्टर घालून घरी पाठवल्यावर इमर्जन्सी संपते. पुढच्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरला दाखवायचं, पुन्हा एक्सरे, मग प्लास्टर काढल्यावर फिजिओथेरपी, हे सगळं साध्या उपचारात धरतात, आणि प्लॅन न्यू जर्सीचा एचएमओ. शेवटी तो पोरगा हात गळ्यात बांधून विमानाने घरी आला, महिनाभर आईच्या हातचं जेवला आणि फिजिओ इथे केली. त्याला सुट्टी मिळाली म्हणून जमलं, नव्या नोकरीत सगळ्यांना कुठे मिळते.

आमच्याकडे काय झालं सांगते. नवऱ्याच्या कंपनीत दोन प्लॅन, एक स्वस्त ईपीओ आणि एक देशभर नेटवर्कवाला पीपीओ. आम्ही वर्षानुवर्षं स्वस्तवाल्यात, कारण आमचे सगळे डॉक्टर एडिसनच्या पाच-सात मैलांत. लेकीची नोकरी म्हणजे काँट्रॅक्टवर, बेनिफिट काही नाहीत, सहा महिन्यांनी बघू असं म्हणणारी कंपनी. मी प्लॅनच्या वेबसाइटवर डॉक्टर शोधायच्या पानावर तिचा नवीन झिपकोड टाकला तर ‘ह्या भागात कोणी सापडलं नाही’ असं आलं, म्हटलं चला, निदान लवकर कळलं. मग एचआरला फोन. सगळ्यांना वाटतं की प्लॅन फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ओपन एनरोलमेंटमध्येच, म्हणजे वर्षातून एकदा प्लॅन निवडायच्या मुदतीतच, बदलता येतो. तर तसं नाहीये, डिपेंडंटचा पत्ता बदलल्यामुळे तो प्लॅनच्या भागाबाहेर गेला तर वर्षाच्या मध्येही बदल करू देणं कंपनीला टॅक्सच्या नियमांत शक्य असतं, कंपनीने आपल्या नियमांत ते ठेवलेलं असलं पाहिजे एवढंच. एचआरमधल्या बाई आधी नाहीच म्हणाल्या, मग मी म्हटलं जरा प्लॅनच्या कागदात बघून सांगता का, तर दुसऱ्या दिवशी त्यांचाच ईमेल, की करता येईल पण ३० दिवसांच्या आत आणि नवीन पत्त्याचा पुरावा लागेल. लेकीने अपार्टमेंटच्या लीजची प्रत पाठवली, झालं काम.

आता महाग प्लॅन घेणं परवडलं का? इथे एक हिशोब लोक करत नाहीत. बऱ्याच कंपन्यांत प्रीमियमचे टप्पे असतात, एकटा कर्मचारी, कर्मचारी आणि जोडीदार, कर्मचारी आणि फॅमिली. धाकटा अजून शाळेत असेल तर तुम्ही फॅमिलीचाच हप्ता भरताय, त्यात एक मूल असो की तीन, आकडा बऱ्याच ठिकाणी तोच. म्हणजे थोरलीला काढून तुमचा एक डॉलरही वाचत नाही. उलट ती शेवटचं मूल असेल तर तिचं नाव काढल्यावर तुम्ही खालच्या टप्प्यावर येता आणि खरोखर पैसे वाचतात, ते तिच्या स्वतःच्या प्लॅनला लावता येतात. हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय ‘आमच्याकडेच राहू दे’ म्हणू नका. मायेचा भाग वेगळा, प्रीमियमचा वेगळा.

आणि मुलाच्या नोकरीत प्लॅन मिळत असेल तर तोही शेजारी ठेवून बघा, स्थानिक नेटवर्क असतं त्यामुळे बऱ्याचदा तोच बरा पडतो. नव्या नोकरीत इन्शुरन्स सुरू व्हायला जास्तीत जास्त ९० दिवस लावता येतात, तेवढ्यापुरतं आईबापांच्या प्लॅनवर राहणं तर डोळे झाकून करावं. दोन्हीकडे नाव ठेवलं तरी चालतं, मग मुलाचा स्वतःचा प्लॅन आधी पैसे देतो आणि आपला नंतर. वर्षाच्या मध्ये प्लॅन बदलला तर डिडक्टिबल, म्हणजे प्लॅन पैसे द्यायला लागायच्या आधी आपण खिशातून भरायची वर्षाची रक्कम, सहसा परत शून्यापासून मोजतात हे लक्षात असू द्या, जुलैपर्यंत हजारभर भरून झाले असतील तर ते नव्या प्लॅनला माहीत नसतात.

डॉक्टरच्या ऑफिसला फोन करताना ‘तुम्ही अमुक इन्शुरन्स घेता का’ असं विचारू नका. रिसेप्शनवरची मुलगी हो म्हणते, कारण कंपनीचं नाव ओळखीचं असतं, पण त्याच कंपनीची दहा नेटवर्कं असतात. कार्डावर नेटवर्कचं नाव असतं ते वाचून दाखवायचं आणि विचारायचं, ह्या नेटवर्कमध्ये तुम्ही आहात का. आणि मग हेच इन्शुरन्सला फोन करून पण, कारण वेबसाइटवरच्या याद्या जुन्या असतात, त्यात रिटायर झालेले डॉक्टर सुद्धा सापडतात. लेक म्हणाली, आई, एवढं कोण करतं? मी म्हटलं जे एकदा बिल बघतात ते करतात.

औषधं आणि मनाच्या तक्रारींसाठीचे थेरपिस्ट हा एक प्रकार तर कुणाच्या लक्षातच येत नाही. डॉक्टर व्हिडिओवर बघत असला तरी पेशंट ज्या राज्यात बसलाय त्या राज्याचं लायसन्स त्याच्याकडे लागतं. म्हणजे न्यू जर्सीतली थेरपिस्ट, जिच्याकडे पोरगं हायस्कूलपासून जातंय, ती टेक्ससमध्ये बसलेल्या त्याच पोराशी झूमवर बोलू शकेलच असं नाही. सायकॉलॉजिस्ट लोकांसाठी सायपॅक्ट नावाचा राज्याराज्यांतला करार आहे, पण त्यात सगळ्या प्रकारचे काउन्सेलर येत नाहीत. एडीएचडीची औषधं चालू असतील तर नवा डॉक्टर आधी शोधून ठेवा, तिकडे गेल्यावर गोळ्या संपल्यावर नको, त्या गोळ्यांवर नियम फार कडक असतात.

दात आणि डोळे, बघा, २६ वाला नियम वेगळ्या काढलेल्या डेंटल आणि व्हिजन प्लॅनला लागूच नाही, तिथे प्लॅन ठरवेल ते वय. दातांचं काम पुण्यात गेल्यावर करू हा आपला जुना उपाय आहेच म्हणा.

स्वतःचा बिझनेस किंवा कन्सल्टिंग असलेल्यांचं वेगळं. त्यांचा प्लॅन मार्केटप्लेसवरून, म्हणजे सरकारी इन्शुरन्स बाजारातून, घेतलेला असतो, न्यू जर्सीत गेट कव्हर्ड एनजे, कॅलिफोर्नियात कव्हर्ड कॅलिफोर्निया, टेक्ससला राज्याचं स्वतःचं नाही, तिथे केंद्र सरकारचं हेल्थकेअर डॉट गव्ह. हे प्लॅन त्या राज्यातल्या रहिवाशांसाठीच असतात आणि नेटवर्क तर आणखीनच लहान. मूल खरोखर दुसऱ्या राज्यात राहायला गेलं की त्याला तिकडचा प्लॅन घेणंच शहाणपणाचं. राज्य बदललं की नवा प्लॅन घ्यायला ६० दिवसांची खिडकी मिळते, पण अट अशी की हलण्याच्या आधीच्या ६० दिवसांत किमान एक दिवस तरी कुठला तरी धड इन्शुरन्स असला पाहिजे. म्हणजे ‘आता जातोच आहे, जुना बंद करू, तिकडे गेल्यावर निवांत बघू’ हे म्हणजे पावसाळ्यात जुनं छप्पर काढून कौलं आणायला बाजारात जाण्यासारखं आहे. आणि एक चांगली बातमी, मूल तुमच्या टॅक्समध्ये डिपेंडंट नसेल आणि तुमच्या कंपनीच्या प्लॅनवर नाव घातलेलं नसेल, तर नुसतं ‘घालता आलं असतं’ ह्या कारणाने त्याची मार्केटप्लेसची सबसिडी जात नाही. ३० च्या आतल्यांना कॅटास्ट्रॉफिक प्लॅनही मिळतो, हप्ता कमी आणि डिडक्टिबल डोंगराएवढं. शॉर्ट-टर्म प्लॅनच्या जाहिराती मात्र येतील भरपूर, त्यापासून चार हात लांब, जुना आजार ते कव्हर करत नाहीत आणि तो प्लॅन संपला म्हणून मार्केटप्लेसची खिडकीही उघडत नाही.

मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी इन्शुरन्स, ज्यांचं आहे त्यांचं तर राज्याबरोबरच संपतं, सोबत नेता येत नाही, नव्या राज्यात नवीन अर्ज. आणि राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक. न्यू जर्सीने मेडिकेडची मर्यादा वाढवली, म्हणजे एकट्या तरुण माणसाला दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तरी मिळतं. टेक्सस आणि फ्लोरिडाने ती वाढवलीच नाही. तिथे मूलबाळ नसलेला धडधाकट तरुण कितीही कमी कमवत असला तरी त्याला मेडिकेड नाही, आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेच्याही खाली असेल तर साधारणपणे मार्केटप्लेसची सबसिडीही नाही. अशा पोराला आईबापांचा प्लॅन हाच खरा आधार.

आपल्या लोकांच्या घरी वयाचा गोंधळ फार होतो, कारण आपल्या डोक्यात आधीच आकडे बसलेले असतात. एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या मुलांचा एच-४ व्हिसा २१ ला संपतो, ग्रीन कार्डची रांग हलत नाही, त्या धसक्याने काही जण इन्शुरन्स पण २१ ला संपतो असं धरून बसतात. तसं नाही. व्हिसा बदलून एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा, झाला तरी कंपनीच्या प्लॅनवर मूल २६ पर्यंत राहतं, हा कायदा व्हिसाचं वय बघत नाही. टॅक्सचं डिपेंडंट वेगळं, तिथे साधारण १९, आणि फुलटाइम शिकत असेल तर २४ च्या आत. ह्यातून एचएसएची, म्हणजे उपचारांसाठी टॅक्स न लागता पैसे साठवायच्या खात्याची, एक गंमत होते. मुलगी तुमच्या प्लॅनवर आहे पण टॅक्समध्ये डिपेंडंट नाही, तर तुमच्या एचएसएतून तिचं बिल भरलंत की त्यावर टॅक्स आणि वर दंड. पण ती तुमच्या हाय डिडक्टिबल फॅमिली प्लॅनवर असेल, तर ती स्वतःचा एचएसए उघडू शकते आणि त्यात वेगळी पूर्ण फॅमिली मर्यादेएवढी रक्कम टाकू शकते. हो, तुमच्या मर्यादेव्यतिरिक्त. आमच्या सीएने पण हे दोनदा वाचून बघितलं.

मग येतो तो सव्विसावा वाढदिवस. कंपनीच्या बहुतेक प्लॅनमध्ये त्या महिन्याच्या शेवटापर्यंत कव्हर असतं, काही ठिकाणी मात्र वाढदिवसालाच बंद, आणि हेल्थकेअर डॉट गव्ह वरून घेतलेल्या प्लॅनवर असेल तर त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. हे एचआरकडून लेखी घ्या. कव्हर जाण्याच्या आधीचे ६० आणि नंतरचे ६० दिवस मार्केटप्लेसमध्ये प्लॅन घेता येतो. मुलाच्या स्वतःच्या कंपनीत घुसायचं असेल तर तिथे फक्त ३० दिवसच मिळतील असं धरून चाला, आणि नेमकी हीच तारीख पोरं चुकवतात, कारण त्यांना सगळीकडे ६० च वाटतं. तिसरी वाट कोब्रा. तुमची कंपनी २० किंवा जास्त माणसांची असेल तर वय झाल्यामुळे बाहेर पडलेल्या मुलाला तोच प्लॅन ३६ महिने पुढे चालवता येतो, नोकरी गेल्यावर आपल्याला जे १८ महिने मिळतात त्याच्या दुप्पट. पण पूर्ण हप्ता स्वतःचा, १०२ टक्क्यांपर्यंत, आणि मूल २६ चं झालं हे ६० दिवसांच्या आत प्लॅनला कळवायचं काम आपलं. उपचार मध्यावर असतील, ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल तर कोब्रा घ्यावा, नाहीतर हप्ता बघूनच पोरं पळतात.

ग्रुपवर कोणीतरी शहाणा ह्या टप्प्यावर लिहितोच, अहो न्यू जर्सीत तर ३१ पर्यंत चालतं. चालतं, खोटं नाही. न्यू जर्सीत ३१ चा, न्यूयॉर्कमध्ये ३० चा होईपर्यंत, तसा राज्याचा कायदा आहे, हप्ता वेगळा भरून. पण न्यू जर्सीत त्यासाठी मूल अविवाहित हवं, त्याला स्वतःचं मूल नको, आणि ते न्यू जर्सीत राहणारं हवं, नाहीतर फुलटाइम विद्यार्थी तरी हवं. ऑस्टिनला नोकरी करणाऱ्या मुलीला ह्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय मोठ्या कंपन्यांचे प्लॅन बहुधा सेल्फ-फंडेड असतात, म्हणजे कार्डावर नाव इन्शुरन्स कंपनीचं पण क्लेमचे पैसे तुमची कंपनीच भरते, आणि अशा प्लॅनना १९७४ च्या एरिसा कायद्यामुळे राज्याचे असले नियम लागू होत नाहीत. एचआरला एकच प्रश्न विचारायचा, आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का. आपल्या आयटीवाल्या मंडळींमध्ये बहुतेकांचं उत्तर हो येईल असा माझा अंदाज.

एक अवघड विषय राहिला. मुलगी आपल्या प्लॅनवर असली की तिच्या प्रत्येक क्लेमचा कागद, तो ईओबी, पॉलिसी ज्याच्या नावावर त्याच्या घरी येतो. पण १८ पूर्ण झाल्यावर डॉक्टर तिच्याबद्दल आपल्याला काही सांगायला बांधील नाही. म्हणजे नको ते कळतं आणि हवं ते कळत नाही. ऑस्टिनला गेल्यावर पहिल्याच महिन्यात आमच्याकडे एक ईओबी आला, मी सहज विचारलं, काय गं, लॅबला कशाला गेली होतीस, तर पलीकडे शांतता, मग म्हणाली, आई, तू माझे क्लेम वाचतेस? साधी थायरॉइडची तपासणी होती. पण तिचं बरोबर होतं. प्लॅनला लिहून मुलांना हे कागद स्वतःच्या पत्त्यावर किंवा स्वतःच्याच ऑनलाइन खात्यावर मागवता येतात, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत तर त्यासाठी कडक कायदाच आहे, तिने तो फॉर्म भरला आणि मी भरू दिला. त्याच बैठकीत तिच्याकडून दुसरे दोन कागद सही करून घेतले, एक डॉक्टरने आमच्याशी बोलायची परवानगी, दुसरा हेल्थकेअर प्रॉक्सी, ती बेशुद्ध असेल तर निर्णय कोणी घ्यायचा त्याचा. हा दुसरा कागद राज्याराज्यांत वेगळा असतो, टेक्ससचा वेगळा घेतला. नवरा म्हणाला, काय अभद्र बोलताय सणासुदीला. दसऱ्याचा दिवस होता. सह्या झाल्या मग श्रीखंड खाल्लं.

ह्या वर्षी धाकट्याची पाळी, तो बॉस्टनला कॉलेजला चाललाय. मॅसॅच्युसेट्समध्ये विद्यार्थ्यांना इन्शुरन्स कायद्यानेच सक्तीचा आहे, त्यामुळे कॉलेज स्वतःच्या प्लॅनचे पैसे फीमध्ये आपोआप धरतं, आणि आपला प्लॅन दाखवून तो वेव्ह, म्हणजे माफ, करून घ्यावा लागतो. फॉर्ममध्ये सगळी नेहमीची माहिती आहे, ग्रुप नंबर, मेंबर आयडी वगैरे, आणि मधेच एक प्रश्न, की इमर्जन्सी सोडून बाकीचे उपचारही तुमचा प्लॅन कॉलेजच्या आसपास देतो का. पीपीओ घेतलेला असल्यामुळे मी हो वर टिक केलंय, पण कॅम्पसच्या जवळचा प्रायमरी डॉक्टर नवीन पेशंट घेतोय का ते सोमवारी फोन करून विचारणार आहे. ग्रुपवर अजून कोणाचं पोरगं बॉस्टनला जात असेल तर वेव्हरची शेवटची तारीख कॉलेजच्या साइटवर बघून घ्या, प्रत्येक कॉलेजची वेगळी असते आणि ती गेली की पैसे परत मिळवणं फार अवघड.